शाळेचं समूहगान पहिल्यांदा लोकांसमोर उभं करताना : नव्या संगीतशिक्षकांसाठी

संगीत विशारद होऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाला गाणं येतं, पेटी येते, तबल्याचा ठेकाही बहुतेक वेळा धरता येतो. पण चाळीस मुलांसमोर उभं राहून त्यांच्याकडून एकदिलाने गाऊन घेणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपली तालीम मुळात एकट्याने गाण्याची. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून नोटेशन (स्वरलेखन) आणि कॉयर (समूहगायन) शिकवण्याची पद्धत पोर्तुगीज काळापासून रुजली, त्यामुळे समोर उभं राहून हात देणारा, म्हणजे हाताने लय दाखवणारा माणूस तिथल्या मुलांच्या ओळखीचा झाला. आपल्या मराठी शाळांत मात्र सर किंवा बाई पेटी घेऊन कडेला बसतात, मुलं रांगेत उभी राहतात, आणि गाणं सुरू झालं की प्रत्येक जण शेजारच्याचं ऐकून अंदाजाने पुढे जातो. वर्गात हे खपतं. मैदानावर, माइकसमोर, पाहुणे बसलेले असताना पहिल्याच ओळीला गाणं विस्कटतं.

पुढचं सगळं मी एका गोष्टीभोवती सांगणार आहे. पहिला सूर लागायच्या आधी तुम्ही जसा श्वास घेता, तसाच मुलं घेतात. तो शांत आणि लयीत असेल तर गाणं लयीत उठतं, धसकल्यासारखा असेल तर गाणंही धसकतं. मुलांना तो श्वास दिसायला हवा, म्हणून जाहीर कार्यक्रमात पेटी दुसऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही मुलांसमोर उभे राहा. पेटी वाजवणारं कुणी नसेल तर नववीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तेवढी दोन गाणी बसवून द्या. साथ थोडी साधी झाली तरी चालेल.

उदाहरणासाठी २६ जानेवारीचा कार्यक्रम धरू. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होते, मध्ये स्नेहसंमेलन आणि सहली येतात, म्हणजे हाताशी जेमतेम सहा-सात आठवडे उरतात.

गाणं आणि पट्टी

पहिल्या वर्षी दोनच गाणी घ्या. त्यातलं एक मुलांना आधीपासून ठाऊक असलेलं असावं. दोन आवाजांतली रचना, कडव्यागणिक बदलणारा ताल, मध्येच मुक्त लयीतली साकी (जुन्या नाटकांतला पद्यप्रकार) हे सगळं पुढच्या वर्षीसाठी ठेवा. एकाच सुरात, एकाच लयीत चाळीस मुलं नीट गायली तर ते कानाला फार सुंदर लागतं. संगीतकार वसंत देसाई हजारो शाळकरी मुलांकडून एकत्र गाऊन घेत, आणि त्याची ताकद हीच होती.

पट्टी म्हणजे गाण्याचा षड्ज पेटीच्या ज्या सुरावर धरायचा तो सूर; पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या प्रत्येक सप्तकात पांढरी १, पांढरी २ अशा मोजतात. गाणं ठरलं की पेटीवर वाजवून त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कागदावर लिहा. पाचवी ते आठवीची बहुतेक मुलं मधल्या सप्तकातल्या पांढरी १ पासून वरच्या सप्तकातल्या पांढरी २ पर्यंत सहज गातात. तालमीने खाली दोन-तीन आणि वर एक-दोन सूर मिळतात. आता हिशोब करा. गाणं मध्य (मधल्या सप्तकातल्या) षड्जापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत जात असेल तर पांढरी १ ठीक आहे, कारण वरचा गंधार पांढरी ३ वर येईल. पण चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत उतरून तार षड्जापर्यंत चढत असेल, तर पांढरी ४ धरल्यावर वरचा षड्ज मुलांना ओरडून काढावा लागेल. तीच चाल पांढरी २ मध्ये घेतली तर खालचा पंचम पांढरी ६ वर आणि वरचा षड्ज पांढरी २ वर जातो, आणि मुलं दोन्हीकडे पोचतात.

रेकॉर्डची पट्टी मुलांवर लादू नका. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे आणि प्रत्येक शाळेत ते बसवावं लागतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज आपल्या कानात पक्का बसलेला आहे. पण तो मोठ्या माणसाचा, कसलेल्या शाहिराचा खडा आवाज आहे. मुलं त्याची नक्कल करायला जातात तेव्हा गळा आवळून ओरडतात, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज बसतात. मुलांची पट्टी शोधा आणि जोश शब्दांच्या फेकीतून आणा.

तुम्ही पुरुष असाल तर आणखी एक सांभाळा. तुमचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली असतो. लहान मुलं तुमचं ऐकून त्या खालच्या सुराच्या मागे लागतात आणि घोगरी गातात. सुरेल गळ्याची सातवीतली एखादी मुलगी बाजूला उभी करा, ओळ तिच्याकडून म्हणवून घ्या आणि बाकीच्यांना तिच्या मागून म्हणायला सांगा.

आवाज फुटलेली मुलं, आणि बेसूर म्हणून बाजूला पडलेली

आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो. काल लागणारा सूर आज लागत नाही, मध्येच चिरकतो, मग मुलगा लाजतो आणि गाणंच सोडतो. त्याला आधी एकट्याला गाठून सांगा, की हे प्रत्येक मुलाचं होतं आणि काही महिन्यांत आवाज स्थिरावतो. अशा मुलांना एकत्र, एका बाजूला उभं करा. ज्यांचा आवाज उतरला आहे त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या. ज्यांचा अजून धड इकडे ना तिकडे आहे त्यांना फक्त धृपद (दर कडव्यानंतर पुन्हा येणारी ओळ) द्या, किंवा कडव्याखाली षड्ज-पंचमाची आस (आधाराला सलग धरलेला सूर) धरायला लावा. ती आस नीट लागली की सगळ्या गाण्याला भरीवपणा येतो, आणि आपल्यावाचून गाणं अडतं हे त्या मुलांनाही कळतं.

‘तू नुसते ओठ हलव’ असं कुठल्याही मुलाला कधीही सांगू नका. हे वाक्य माणसं पन्नाशीतही विसरत नाहीत. ज्याचा सूर हलतो त्याला दोन पक्क्या सुराच्या मुलांच्या मध्ये उभं करा, म्हणजे दोन्ही कानांत बरोबर सूर पडतो. बहुतेक मुलं एवढ्याने सुधारतात. म्हणूनच सगळे चांगले गळे पहिल्या रांगेत गोळा करू नका. प्रत्येक रांगेच्या मध्यावर दोन-तीन पक्के आवाज हवेत, आणि मागच्या रांगेत तर हवेतच, कारण मागून आलेला सूर पुढच्यांना धरून ठेवतो.

तालमी

आठवड्याला संगीताचे एक-दोन तास मिळतात, तेही कधी परीक्षेला जातात, कधी सहलीला. त्यामुळे मुख्याध्यापकांशी बोलून परिपाठातली पाच मिनिटं मागून घ्या. प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली की गाण्याची एकच ओळ किंवा एकच कडवं. रोज सगळ्या शाळेसमोर गायल्यामुळे मुलांची भीड आपोआप मोडते, आणि तुमचीही. वर्गशिक्षकांना तालमीचं वेळापत्रक आधी लेखी द्या. गणिताच्या तासाला मुलं बाहेर बोलावलेली कुणालाच आवडत नाहीत.

शब्द कागदावर देऊ नका, फळ्यावर लिहा. पहिल्या आठवड्यात नुसतं लयीत वाचन घ्या. मराठी शाळेतसुद्धा चमच्यातला च आणि चंद्रातला च, जहाजातला ज आणि जगातला ज यांची सरमिसळ होते, ‘ळ’चा ‘ल’ होतो. चाळीस तोंडांतून आलं की हे सगळं दुपटीने ऐकू येतं. श्वास घ्यायच्या जागा फळ्यावर रंगीत खडूने दाखवा आणि त्या प्रत्येकाने पाळायच्या. ओळीचा शेवट ‘श’ किंवा ‘स’ने होत असेल तर ते अक्षर नेमकं कोणत्या मात्रेवर संपवायचं ते ठरवा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या वेळी संपवतो आणि सगळीकडून सूं-सूं ऐकू येतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर एक दिवस पेटी-तबला काहीच न घेता पूर्ण गाणं गाऊन घ्या. नुसता एकदा षड्ज द्या आणि शेवटी पेटीवर तपासा. सूर उतरला असेल तर कोणत्या ओळीला उतरतो ते शोधा. बहुधा लांब उतरत्या तानेच्या किंवा एकाच सुरावर रेंगाळणाऱ्या जागी घोळ असतो. तेवढीच जागा पाच-सहा वेळा घ्या.

हात

पाश्चात्त्य पद्धतीचे हातवारे यायला हवेत असं नाही. आपल्या टाळी-खालीतच सगळं आहे. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा आली की हात खाली न्या; ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देता दाखवायची मात्रा आली की हात वर न्या. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीला खाली, चौथीला वर. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीला खाली, पाचवीला वर. प्रत्येक मात्रा दाखवत बसलात तर हात फडफडतो आणि मुलांना काहीच कळत नाही. हात छातीपासून कमरेच्या वरपर्यंतच फिरू द्या. डोळ्यांच्या वर गेला तर तुमचा चेहरा झाकला जातो, आणि मुलं हातापेक्षा चेहराच जास्त बघत असतात.

आता सुरुवात. केरव्यातलं गाणं समेवर उठत असेल तर सातव्या-आठव्या मात्रेला हात वर जायला हवा, आणि त्याच वेळी तुम्ही तोंड किंचित उघडून सगळ्यांना दिसेल असा श्वास घ्यायचा. मग हात समेवर येतो आणि सूर लागतो. उठाण खालीच्या मात्रेवरून असेल तर हीच उचल तिसऱ्या-चौथ्या मात्रेला, फक्त हात खालून वर जाऊन पाचवीला पोचेल. श्वासाला जेवढा वेळ लागतो तीच गाण्याची लय ठरते. हे नीट कळण्यासाठी तालमीत एक खेळ घ्या : तोंडाने ‘एक, दोन, तीन’ न म्हणता, पेटी न वाजवता, नुसत्या उचलीवर पहिली ओळ सुरू करायची. एकदा संथ उचल द्या, एकदा जलद. मुलांनी तुमचा श्वास बघून ती लय पकडायला हवी. पहिल्या दिवशी निम्मी मुलं आधी सुरू करतील, निम्मी नंतर. पाच-सहा दिवसांत सगळी एकत्र येतात, आणि तो क्षण वर्गात सगळ्यांनाच जाणवतो. समूहगान खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतं.

डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खाली सोडा. त्याला वेगळी कामं द्या. तळवा वर उचलला की आवाज वाढवायचा, तळवा खाली दाबला की कमी करायचा, बोटं दाखवली की पुढचं कडवं कितवं ते कळायचं. शेवटचा सूर लांबवायचा असेल तर हात आडवा स्थिर ठेवा, मग छोटंसं वर्तुळ काढून मूठ मिटा. मूठ मिटली की सूर बंद.

मुलांबरोबर तुम्ही मोठ्याने गाऊ नका. स्वतः गायलात की मुलांचं ऐकू येणं बंद होतं. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ओठांनी दाखवा, तेवढा पुरतो. हे सगळं घरी आरशासमोर करा आणि एकदा मोबाइलवर चित्रित करून बघा. आपण पाय आपटतो, मान हलवतो, गुडघ्यातून उड्या मारतो हे चित्रीकरणातच दिसतं.

राष्ट्रगीताची गोष्ट वेगळी आहे. तिथे तुम्हीही सावधान स्थितीतच उभे असायला हवं, हात द्यायचा नसतो. म्हणून त्याची सुरुवात आधी पक्की बसवा : पेटीवर षड्ज, तुमची मुलांकडे नजर, मानेने किंचित उचल आणि श्वास. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत असा संकेत आहे. घड्याळ लावून बघा, रेंगाळत गायल्याने बऱ्याच ठिकाणी ते मिनिटाच्या पुढे जातं. शेवटी येणाऱ्या ‘जय हे, जय हे, जय हे’मधल्या पहिल्या ‘जय हे’ला चाल तार षड्जापर्यंत चढते, तेव्हा मैदानावरच्या सगळ्यांना पेलेल अशीच पट्टी घ्या.

साथ आणि माइक

तबला गाण्याच्या षड्जात मिळवलेला हवा. जानेवारीच्या सकाळी दवामुळे पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते आणि तबला उतरतो, ऊन चढलं की तोच तबला चढतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मिळवला म्हणून निर्धास्त राहू नका. हातोडी बरोबर ठेवा, मैदानावर पोचल्यावर एकदा आणि गाण्याच्या आधी एकदा तपासा.

साउंडवाल्याला दोन दिवस आधी भेटा. चाळीस मुलांना दहा माइक नकोत. पहिल्या रांगेपासून दोन-तीन फूट पुढे, मुलांच्या डोक्यापेक्षा थोडे उंच आणि मधल्या-मागच्या रांगेकडे तोंड केलेले दोन चांगले माइक पुरतात. दोन माइकमधलं अंतर मुलांपासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हीकडून जाऊन पोकळ वाटतो. पेटी-तबल्याला वेगळा माइक, आणि त्याचा आवाज मुलांपेक्षा कमी. इको पूर्ण बंद करायला सांगा. सोलो गाण्याला तो खपतो, पण चाळीस मुलांच्या शब्दांचा त्यात लगदा होतो. एका मुलाच्या हातात माइक देण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर फक्त त्याचंच गाणं ऐकू जातं.

मैदानावरचा सगळ्यात मोठा धोका भोंग्यांचा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या टोकाला, सत्तर मीटरवर लावलेल्या भोंग्याचा आवाज मुलांच्या कानापर्यंत यायला एक पंचमांश सेकंद लागतो. जलद केरव्यात ही जवळजवळ एक मात्रा झाली. मुलं तो मागून येणारा आवाज ऐकून थांबतात, आणखी मागे पडतात, आणि गाणं ओढल्यासारखं संथ होत जातं. उपाय दोन. लांबचे भोंगे त्या गाण्यापुरते बंद किंवा हळू करायला सांगा. आणि मुलांना आधीच बजावा, की मैदानावर कानावर विश्वास ठेवायचा नाही, हाताकडे बघायचं. निदान एक तालीम त्याच मैदानावर, साउंड लावून व्हायलाच हवी. उभं राहायची जागा अशी निवडा की मुलांच्या मागे शाळेची भिंत असेल. उघड्या मैदानाच्या मध्यावर आवाज विरून जातो.

त्या दिवशी

मुलं सकाळी काही न खाता झेंडावंदनाला येतात आणि उन्हात उभं राहून चक्कर येऊन पडतात. पोहे, उपमा, पोळी-भाजी, काहीही, पण खाऊन यायचं हे पालकांना आदल्या दिवशी कळवा. गुडघे ताठ करून उभं राहू नका, किंचित सैल ठेवा, हे तालमीतच सांगा. कोमट पाणी बरोबर ठेवा. गळा तापवायला पाच मिनिटं पुरतात : ओठ मिटून ‘हं’कार, मग सा ते प साधी सरगम, बस. सकाळी सकाळी चार वेळा पूर्ण गाणं म्हणून आवाज दमवू नका.

मुलं उभी राहिली की तुम्ही लगेच हात उचलू नका. आधी सगळ्यांकडे एक नजर फिरवा, अगदी कडेच्या मुलापर्यंत. पेटीवर षड्ज द्या, मुलांना तो ओठ मिटून धरायला सांगा. सूर जुळला की थोडं थांबा. माइकवर निवेदन चालू असेल तर संपू द्या. मग उचल आणि श्वास.

पहिल्या ओळीलाच सूर भलतीकडे लागला तर न घाबरता हात मिटा, पुन्हा षड्ज द्या आणि पुन्हा सुरू करा. प्रेक्षकांना त्यात काही गैर वाटत नाही. गाणं अर्ध्यावर गेल्यावर मात्र थांबू नका. मुलं कडवं विसरली तर पेटीवाल्याला चाल ठळक वाजवायला खुणावा आणि पुढच्या धृपदाला सगळ्यांना गोळा करा, धृपद कुणी विसरत नाही. मुलं घाईत पळायला लागली तर हात मोठा करून थांबवायचा मोह होतो. उलट हात लहान करा. हालचाल लहान झाली की मुलं निरखून बघतात आणि लयीवर येतात. वीज गेली तर साथ तशीच चालू ठेवा, दोन पावलं पुढे या आणि डावा तळवा वर उचला. माइकशिवाय गायची तालीम झाली आहे, मुलं गातील.

टाळ्या सुरू झाल्या की बाजूला सरका आणि हात मुलांकडे करा, मग पेटी-तबल्यावरच्या मुलांकडे.

नंतर

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मुलांना बसवून रेकॉर्डिंग ऐकवा. काय चुकलं ते तुम्ही सांगू नका, मुलंच सांगतात, आणि नेमकं सांगतात. मग एका वहीत गाणं, पट्टी, लय, किती मुलं, कोण कुठे उभं होतं, माइक कुठे होते हे लिहून ठेवा. १ मे ला हीच मुलं पुन्हा गाणार असतील तर मार्चमध्ये मोठ्या मुलांचे आवाज पुन्हा तपासा. जानेवारीत वरच्या सप्तकात गाणारे दोघं-तिघं तोवर खाली उतरलेले असतात, आणि त्यांची रांग बदलावी लागते.